फ्रान्सिस रॅटनबरी: बोटीतून दिसणारं शहर ज्यानं उभं केलं

फ्रान्सिस रॅटनबरी हे नाव गूगलवर टाकलं की आधी खुनाची स्टोरीच समोर येते. १९३५ चा मार्च, इंग्लंडमधलं बोर्नमथ, ६७ वर्षांचा रिटायर्ड आर्किटेक्ट स्वतःच्या घरात बसलेला आणि घरातल्याच १८ वर्षांच्या ड्रायव्हरनं, जॉर्ज स्टोनरनं, त्याच्या डोक्यात लाकडी हातोडा घातला, चार दिवसांनी तो गेला. खटला बायकोवर पण झाला, अल्मावर, ती निर्दोष सुटली आणि थोड्याच दिवसांत तिनं जीव दिला, स्टोनरची फाशी माफ झाली आणि सात वर्षांनी तो बाहेर आला. इतकंच. ही गोष्ट खूप जणांनी खूप वेळा सांगितलीय, मी परत तिकडे वळणार नाही.

मला लिहायचंय ते त्याच्या बिल्डिंग्जबद्दल, कारण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हिक्टोरिया नावाचं जे शहर आहे त्याचा चेहराच या एका माणसानं बनवला आणि तो कसा बनवला हे समजून घेताना आर्किटेक्टचं काम म्हणजे नक्की काय असतं हे पण कळतं. नुसतं सुंदर चित्र काढणं नाही ते. स्पर्धा कशी जिंकायची, दगड कुठून आणायचा, कंत्राटदाराशी भांडण कसं निभवायचं, पैसेवाल्या कंपनीला काय हवंय ते तिच्या आधी कसं ओळखायचं, सगळं त्यात आलं.

आधी जागा समजून घ्या, कारण नावांचा फार घोळ होतो. ब्रिटिश कोलंबिया हा कॅनडाचा पॅसिफिक किनाऱ्यावरचा प्रांत. त्याची राजधानी व्हिक्टोरिया, ती व्हँकुव्हर नावाच्या बेटावर आहे. आणि व्हँकुव्हर शहर मात्र व्हँकुव्हर बेटावर नाही, ते समोर मुख्य जमिनीवर आहे. हे डोक्यात फिट बसलं की पुढची भानगड सोपी होते. १८८७ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेची गाडी व्हँकुव्हर शहरापर्यंत पोचली आणि जंगल तोडून नुकतंच वसवलेलं ते गाव भराभर वाढायला लागलं. बेटावरच्या व्हिक्टोरियाला धडकी भरली. ट्रेन तिकडे, बंदर तिकडे, धंदा तिकडे, उद्या राजधानी पण उचलून तिकडे नेली तर? सरकार तोवर ज्या इमारतींतून चालायचं त्या १८५९ च्या होत्या, लाकूड-विटांच्या, दिसायला इतक्या विचित्र की लोक त्यांना 'बर्डकेजेस' म्हणजे पक्ष्यांचे पिंजरे म्हणायचे. तर सरकारनं ठरवलं की आता दगडाची एक अशी बिल्डिंग बांधायची की राजधानी हलवायचा विचारच कोणाच्या मनात येऊ नये. १८९२ मध्ये त्यासाठी आर्किटेक्ट लोकांची स्पर्धा जाहीर झाली.

आणि त्याच वर्षी रॅटनबरी व्हँकुव्हरला उतरला. जन्म १८६७ चा, इंग्लंडमधल्या लीड्सचा, म्हणजे जेमतेम पंचविशीचा पोरगा. कॉलेजची डिग्री वगैरे नाही. पण त्या काळात ते चालायचं, इंग्लंडमध्ये बहुतेक आर्किटेक्ट असेच तयार व्हायचे, एखाद्या फर्ममध्ये काही वर्षं उमेदवारी करायची, नकाशे गिरवायचे, साइटवर जायचं, हळूहळू हात बसायचा. रॅटनबरीच्या मामांची फर्म होती ब्रॅडफर्डला, लॉकवुड अँड मॉसन, लोकरीच्या धंद्यातून आलेल्या पैशावर त्या भागात ज्या मोठमोठ्या इमारती झाल्या त्यातल्या बऱ्याच यांच्या, ब्रॅडफर्डचा टाऊन हॉल यांचा, आणि सॉल्टेअर नावाचं गिरणी-कामगारांचं अख्खं गाव यांनी आखलेलं, जे आता जागतिक वारसा स्थळ आहे. म्हणजे सरकारी बिल्डिंगनं लोकांवर छाप कशी पाडायची हे पोरगा लहानपणापासून बघत होता. कॅनडात आल्यावर त्यानं स्वतःचा अनुभव भरपूर फुगवून सांगितला हे पण खरं. मला ते आवडत नाही पण नवीन गावात, जिथे कोणी ओळखत नाही, तिथे असं करणारे तेव्हा खूप होते.

आता स्पर्धा कशी चालायची ते बघा. नकाशावर आर्किटेक्टचं नाव लिहायचं नसायचं, टोपणनाव लिहायचं, म्हणजे परीक्षकांनी ओळखीपाळखीनं निकाल देऊ नये. साठाहून जास्त नकाशे आले, त्यातून पाच जणांना दुसऱ्या फेरीत बोलावलं. रॅटनबरीनं पहिल्या फेरीत टोपणनाव काय घेतलं, तर 'अ बी.सी. आर्किटेक्ट', म्हणजे ब्रिटिश कोलंबियाचा एक आर्किटेक्ट. प्रांतात येऊन त्याला काही महिनेच झाले होते हे लक्षात घ्या! पण काम बाहेरच्याला जाऊ नये अशी लोकांची भावना होती आणि ती त्यानं बरोबर हेरली. दुसऱ्या फेरीत टोपणनाव 'फॉर क्वीन अँड प्रॉव्हिन्स', राणीसाठी आणि प्रांतासाठी. १८९३ च्या मार्चमध्ये निकाल लागला आणि या पोराला प्रांतातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. नाव लपवूनसुद्धा आपल्याला हवं ते कसं सांगायचं हे त्याला कळत होतं, आणि पुढे आयुष्यभर त्याची हीच खरी ताकद राहिली असं मला वाटतं.

पण नुसत्या टोपणनावावर कोणी जिंकत नाही, डिझाइन पण तसंच होतं. मधे मोठा घुमट, दोन बाजूंना दोन छोट्या इमारती, मधल्याला कमानींच्या ओवरीनं जोडलेल्या, आणि हे सगळं मिळून जवळजवळ ५०० फूट लांब. घुमटाखाली गोल दालन, त्याच्या मागे विधानसभेचं सभागृह. याचा फायदा काय, तर अनोळखी माणसाला पण लांबून कळतं की मुख्य काय आहे आणि बाकीचं काय आहे. शैली म्हणाल तर सरमिसळ आहे. गोल कमानी आणि खडबडीत ठेवलेला दगड ही रोमनेस्क पद्धत, म्हणजे युरोपातली जुनी जाड भिंतींची, बुटक्या खांबांची चर्च असतात ना तसं, ते तेव्हा अमेरिकेत खूप चालत होतं, आणि त्यावर घुमट आणि समतोल मांडणी ही क्लासिकल वळणाची. शुद्धतेचा आग्रह धरणारे नाक मुरडतात. मी नाही मुरडणार, कारण ही बिल्डिंग पाठ्यपुस्तकासाठी नव्हती, ती बंदरात शिरणाऱ्या बोटीवरून बघायची होती. ती उत्तरेकडे तोंड करून थेट पाण्याकडे बघते. बेटावरच्या गावात तेव्हा जो येणार तो बोटीनंच येणार, मग सरकारचा पहिला चेहरा कुठून दिसायला हवा? पाण्यातूनच ना.

आता बांधकाम. या बिल्डिंगमध्ये आजच्यासारखा आरसीसीचा सांगाडा उभा करून मधे भिंती भरल्या असं नाही. भिंतच वजन पेलते. म्हणजे वरच्या मजल्याचं, छपराचं ओझं भिंतीतून खाली पायात जातं, त्यामुळे भिंती जाड आणि एकदा काम वर गेलं की खिडकी इकडची तिकडे करायची म्हटली तरी खर्च. दगड शक्यतो स्थानिकच वापरायचा असं ठरलं होतं, प्रांताकडे स्वतःचं काय काय आहे ते दाखवायचं होतं. दर्शनी दगड बेटाच्या उत्तर टोकाजवळच्या हॅडिंग्टन आयलंडचा, अँडेसाइट, लाव्हापासून झालेला करडा दगड, घडवायला चांगला आणि टिकायला पण. पायाला ग्रॅनाइट नेल्सन आयलंडचं. छपराला पाटीचा दगड जर्व्हिस इनलेटचा. सगळं बोटीनं ओढून आणायचं. दगडकामाचा कंत्राटदार होता फ्रेडरिक ॲडम्स, त्याचे आणि रॅटनबरीचे खटके उडायचे, रॅटनबरी मनासारखा नसलेला दगड परत पाठवायचा आणि ॲडम्सचा तोटा वाढत चाललेला. १८९५ च्या मार्चमध्ये ॲडम्स खाणीकडे जायला निघाला आणि वेलोस नावाची त्याची बोट बंदराबाहेरच खडकावर फुटली, तो बुडून गेला. या बिल्डिंगबद्दल बोलताना घुमट, पुतळे, रंगीत काचा सगळं सांगतात, ॲडम्सचं नाव क्वचित घेतात. ते घ्यायला हवं.

बजेट होतं पाच लाख डॉलर. शेवटी खर्च गेला नऊ लाख वीस हजारांच्या वर. का वाढतं असं? थोडं नकाशा पास होताना आकडा मुद्दाम आटोपशीर दाखवला जातो म्हणून, थोडं सरकार मधेच नवीन मागण्या करतं म्हणून, थोडं आर्किटेक्टला चांगलंच हवं असतं म्हणून. आणि अजून एक गोष्ट, त्या काळी आर्किटेक्टची फी एकूण खर्चावर टक्क्यानं असायची, साधारण पाच टक्के. म्हणजे खर्च वाढला की फी पण वाढते. रॅटनबरीनं त्यासाठीच खर्च वाढवला असं मी म्हणत नाही, पण पद्धतच अशी असेल तर लोकांना शंका येणारच आणि ती त्याच्यावर पुढे पण घेतली गेली. १० फेब्रुवारी १८९८ ला बिल्डिंग रीतसर सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून तिच्या कडाकडांवर विजेचे दिवे लावले होते, ते इतके आवडले की नंतर कायमचे झाले, आज रोज संध्याकाळी तीन हजारांहून जास्त दिव्यांनी ती उजळते.

इथे भारताशी संबंध असलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. याच सभागृहात १९०७ मध्ये कायदा बदलून प्रांतातल्या भारतीयांचा मतदानाचा हक्क काढून घेतला गेला, कायद्यात शब्द 'हिंदू' होता पण रोख सगळ्यांवर होता, त्यात बहुसंख्य पंजाबी शीख. तो हक्क परत मिळाला १९४७ मध्ये. आणि कोमागाता मारू बोटीवरच्या भारतीय प्रवाशांना १९१४ साली परत पाठवलं त्याबद्दल माफीचा ठराव याच इमारतीत २००८ च्या मे महिन्यात एकमतानं झाला. दगड तोच, घुमट तोच, मधे शंभर वर्षं.

बरं, पुढे. पहिलंच काम एवढं मोठं, त्यामुळे रॅटनबरीकडे कामांची रांग लागली. नानाइमोचं कोर्ट, बँक ऑफ मॉन्ट्रियलची व्हिक्टोरियामधली बिल्डिंग, बंगले, ओक बे भागात समुद्राकाठी स्वतःचं घर, तिथे आता शाळा आहे. १८९८ मध्ये फ्लॉरेन्स नन हिच्याशी लग्न केलं आणि हनिमूनला नवरा-बायको कुठे गेले तर कॅनडाच्या उत्तरेतल्या क्लोंडाइकच्या सोन्याच्या वाटेवर! तिकडे सोन्यासाठी हजारो लोक चाललेले, यानं त्यांची ने-आण करायला ओरा, नोरा आणि फ्लोरा अशा तीन छोट्या आगबोटी सुरू केल्या. पैसा करायची ही हाव पुढे त्याला महागात पडली पण ते येईलच.

१९०० नंतर त्याला खरा मोठा गिऱ्हाईक मिळाला, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे, सगळे सीपीआर म्हणतात. या कंपनीचं गणित समजून घ्या म्हणजे हॉटेल का बांधलं ते कळेल. ट्रेन तिची, पॅसिफिकवरून जपान-चीनला जाणारी जहाजं तिची, किनाऱ्यावरच्या फेऱ्या तिच्या. प्रवासी एकदा तिकीट काढून आत आला की तो जिथे झोपेल जेवेल ते पण आपलंच का नको? म्हणून रेल्वेनं हॉटेलं बांधायला घेतली, आणि त्यांना एक ठरावीक रूप दिलं, त्याला शॅटो शैली म्हणतात. शॅटो म्हणजे फ्रान्समधला जमीनदारी वाडा-किल्ला. उंच उतरत्या छपरांचे डोंगर, त्यातून बाहेर डोकावणाऱ्या खिडक्या, कोपऱ्यावर टोकदार बुरूज. क्युबेकमधलं शॅटो फ्रोंतेनाक १८९३ चं, ब्रूस प्राइसनं केलेलं, तिथून हे जोरात सुरू झालं. ट्रेनच्या खिडकीतून किंवा बोटीतून लांबूनच ओळखू यावं की हे सीपीआरचं, आज एखाद्या ब्रँडचा लोगो ओळखतो ना आपण तसंच, फक्त हा लोगो सहा मजली होता.

व्हिक्टोरियाचं हॉटेल म्हणजे एम्प्रेस. नाव भारतामुळे आलं असं म्हटलं तरी चालेल, कारण व्हिक्टोरिया राणी कागदोपत्री 'भारताची सम्राज्ञी' होती आणि सीपीआरच्या पॅसिफिकवरच्या जहाजांना पण एम्प्रेस ऑफ इंडिया, एम्प्रेस ऑफ जपान अशीच नावं होती. जागा मात्र भलतीच निवडली. बंदराच्या टोकाला जेम्स बे नावाची चिखलाची खाडी होती, ओहोटीला सगळा गाळ उघडा पडायचा. लेक्वंगन लोक, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, पिढ्यान् पिढ्या तिथून शिंपल्या गोळा करायचे, शहरवाल्यांच्या दृष्टीनं मात्र ती घाण वास मारणारी जागा होती. तिच्या तोंडावर दगडी भिंत घालून पाणी अडवलं, आत भराव टाकला आणि त्यावर हॉटेल.

चिखलावर एवढी जड इमारत उभी कशी राहते हा प्रश्न कोणालाही पडेल. उपाय म्हणजे पाइल. लांबच लांब लाकडी ओंडके, सरळसोट, वरून ठोकून ठोकून गाळातून खाली घट्ट थरापर्यंत न्यायचे, असे खूप, एकमेकांजवळ, आणि त्यांच्या डोक्यावर पाया बांधायचा. मग वजन गाळावर न पडता ओंडक्यांतून खाली जातं. लाकूड कुजत नाही का? पाण्याखालच्या गाळात हवाच पोचत नाही, आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते, त्यामुळे कायम ओल्या गाळात राहिलेलं लाकूड शेकडो वर्षं टिकतं. वाईट असतं ते कधी ओलं कधी सुकं होणं. हे फार भारी आहे, मला पहिल्यांदा समजलं तेव्हा किती तरी वेळ मी त्याचाच विचार करत होते.

२० जानेवारी १९०८ ला एम्प्रेस उघडलं, पण तोवर रॅटनबरी त्यातून बाहेर पडला होता. आतल्या मांडणीवरून, सजावटीवरून कंपनीच्या लोकांशी त्याचं बिनसलं आणि काम पुरं व्हायच्या आधीच त्यानं सीपीआर सोडली. तरी बाहेरचं रूप आणि मुख्य म्हणजे जागेवर ते कसं बसवायचं हे त्याचं. नकाशा उघडून बघा, विधानसभा बंदराच्या दक्षिणेला, एम्प्रेस पूर्वेला, दोन्हींची तोंडं पाण्याकडे, एकमेकींना काटकोनात. म्हणून त्या भांडत नाहीत. एक करड्या दगडाची, घुमटाची, आडवी पसरलेली, दुसरी विटांची, उभी, टोकदार छपरांची, दोघींच्या मधे पाणी आणि हिरवळ. एकच शैली लावली असती तर एक दुसरीची नक्कल वाटली असती.

व्हँकुव्हर शहरात त्याचं मोठं काम म्हणजे प्रांताचं कोर्ट, त्याचं बांधकाम १९०६ मध्ये सुरू झालं. इथे त्यानं तिसरंच रूप घेतलं, ग्रीक-रोमन, पुढे उंच खांब, त्रिकोणी माथा, वर घुमट, पायऱ्यांशी दोन दगडी सिंह. कोर्टाला देवळाचं रूप देण्यामागे कल्पना अशी की कायदा जुना आहे, ठाम आहे, वर चढून जायचं आणि आवाज खाली करायचा. याच कोर्टात २१ ऑक्टोबर १९१४ ला मेवा सिंग यांनी इमिग्रेशन खात्याचा विल्यम हॉपकिन्सन याला गोळ्या घातल्या. कोमागाता मारूच्या प्रकरणात आणि भारतीयांमध्ये खबरे पेरण्यात हॉपकिन्सनचा हात होता. मेवा सिंग यांना ११ जानेवारी १९१५ ला फाशी झाली, आजही तिकडचे शीख त्यांना शहीद मानतात. पुढे कोर्ट हललं आणि १९८३ पासून तिथे व्हँकुव्हर आर्ट गॅलरी आहे, आतला बदल आर्किटेक्ट आर्थर एरिक्सननं केला.

मग गाडी घसरली कुठे? जमिनीत. सीपीआर सोडून तो प्रतिस्पर्धी ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेकडे गेला. ही कंपनी उत्तरेला प्रिन्स रूपर्ट नावाचं नवं बंदर-शहर वसवणार होती, रॅटनबरीनं तिथल्या भव्य हॉटेलचे आराखडे केले, आणि नुसते आराखडे करून थांबला नाही, त्या रेल्वेच्या वाटेवरची हजारो एकर जमीन स्वतः घेऊन ठेवली. हिशोब साधा, रेल्वे आली की वस्ती येणार, वस्ती आली की भाव येणार. पण कंपनीचा प्रमुख चार्ल्स हेज एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिकवर बुडाला, १९१४ मध्ये रूळ जोडून होतायत तोवर महायुद्ध सुरू झालं, माणसं आणि पैसा दोन्ही तिकडे, १९१९ मध्ये कंपनी दिवाळ्यात. हॉटेल कागदावरच राहिलं. जमीन कोणी घेईना. आर्किटेक्टनं स्वतःच्याच चित्रावर विश्वास ठेवून सगळे पैसे लावले, असं झालं ते.

युद्धानंतर त्याच्याकडे जुना दबदबा नव्हता. तरी दोन कामं झाली, दोन्ही पर्सी जेम्स या आर्किटेक्टबरोबर, आणि त्यात नकाशांचं बरंचसं काम जेम्सचं. एक १९२४ चं सीपीआरच्या बोटींचं टर्मिनल, विधानसभेजवळ थेट पाण्याकाठी, छोट्या ग्रीक देवळासारखं, भिंतीवर समुद्रदेव नेपच्यूनची डोकी कोरलेली. दुसरं १९२५ चं क्रिस्टल गार्डन, एम्प्रेसच्या मागे, काचेच्या छपराखाली खाऱ्या पाण्याचा प्रचंड पोहायचा तलाव. आणि याच काळात अल्मा त्याच्या आयुष्यात आली. फ्लॉरेन्सशी तो ज्या पद्धतीनं वागला, घर सोडल्यावर घरातले दिवे आणि हीटिंग तोडायला लावण्यापर्यंत, त्याला माफी नाही. गावानं पण केली नाही, ओळखीच्या लोकांनी दारं बंद केली, कामं थांबली आणि शेवटी तो अल्माला घेऊन बोर्नमथला निघून गेला. तिथे त्याला पुरलं, पण कबरीवर नावाचा दगड लागला तो २००७ मध्ये.

त्याला फार मोठा, नवा विचार देणारा आर्किटेक्ट म्हणता येणार नाही. त्याच वर्षांत अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट घराची कल्पनाच बदलत होता, रॅटनबरीनं तसं काही बदललं नाही, त्याच्या सगळ्या शैली उसन्या. पण बिल्डिंग कुठे ठेवायची आणि ती कुठून दिसेल हे त्याच्याइतकं फार थोड्या जणांना कळलं, आणि ते फोटोत नीट कळत नाही. बघायचंच असेल तर विमानानं जाऊ नका. अमेरिकेच्या बाजूनं, पोर्ट एंजेलिसहून, कोहो नावाची फेरी निघते, साधारण दीड तासात पोचते, डेकवर उभे राहा. लॉरेल पॉइंटचं वळण येईपर्यंत समोर विशेष काही दिसत नाही. मग बोट वळते, बंदर उघडतं, एका बाजूला घुमट, समोर एम्प्रेसची छपरं, पाण्यालगत ते छोटं टर्मिनल, आणि फेरी लागते ती त्याच्या शेजारीच, विधानसभेपासून चालत दोन मिनिटांवर. संध्याकाळची फेरी मिळाली तर दिवे लागलेले असतील.